जामीन कोण राहिलं

अण्णा, आज मला साक्षीला बोलावलं होतं. तुम्ही उभी हयात दुसऱ्यांच्या साक्षी मराठीतून इंग्रजीत करण्यात घालवलीत. मी इथे मेलबर्नमध्ये वीस वर्षं दुभाषी म्हणून तेच करते आहे, फक्त तोंडी आणि दोन्ही बाजूंनी. पण स्वतः शपथ घ्यायची वेळ आपल्या घरात आजवर कोणावर आली नव्हती. इथे साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करत नाहीत. खुर्ची देतात, पाण्याचा ग्लास देतात, शेजारी टिश्यूचा डबासुद्धा असतो. तुम्ही म्हणाला असता, कोर्ट आहे की दातांचा दवाखाना. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी कोर्टातलं काही पाहिलं की ते आधी तुम्हाला सांगावंसं वाटतं, ही खोड काही जात नाही. आणि आजचं तर दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

कोर्टही नेहमीचं नव्हतं. कॉरोनर म्हणून इथे एक वेगळं न्यायासन असतं. माणूस कशाने गेला हे नीट कळलं नाही की त्याची चौकशी तिथे होते. तिथे आरोपी नसतो, शिक्षा नसते, कोणी जिंकत नाही की हरत नाही. मेलेला कोण होता, कुठे, कधी आणि कसा गेला, एवढंच ठरवायचं. तुम्हाला ते आवडलं असतं. फार नीटनेटकं काम आहे. मला मात्र सकाळपासून तिथे अवघडल्यासारखं होत होतं. सगळेजण हळू बोलत होते, कागद आवाज न करता उलटत होते, दाराचा आवाज झाला की माना वळत होत्या. ज्याच्यामुळे आम्ही जमलो होतो तोच तेवढा यायचा राहिला आहे, आणि आला की सुरू करायचं, असं काहीसं वाटत होतं.

तो आपल्याच बाजूचा होता. पस्तिशीचा, आयटीआय केलेला वेल्डर, कामाच्या व्हिसावर इथे आलेला. क्रेगीबर्न या मेलबर्नच्या उपनगरात चौघांनी मिळून घर भाड्याने घेतलं होतं. एका सकाळी स्वयंपाकघरात कुरबूर झाली, याने एकाला ढकललं, त्याचं डोकं ओट्याच्या कडेला लागलं, टाके पडले, पोलीस आले. दुसऱ्या दिवशी दुपारी याला कोर्टापुढे आणलं आणि जामिनावर सोडलं. त्यानंतर अठराव्या दिवशी तो वेरिबीच्या खाली, समुद्राच्या उथळ पाण्यात सापडला. अंगावर सगळे कपडे, पायांत बूट. खडकावरून पाय घसरला की आणखी काही, ते कोणालाच सांगता येईना. मला बोलावलं, कारण त्या दुपारी त्याचं बोलणं इंग्रजीत आणि कोर्टाचं मराठीत मी केलं होतं.

पुढचं सांगण्याआधी तुम्हाला एका रविवारची आठवण करून देते. स्वयंपाकघरात आईची फोडणी चाललेली, तुम्ही पाटावर, समोर चौरंगावर कोर्टाचा टाइपरायटर. घरी काम आणायची परवानगी नव्हती, तरी आणायचा. मी मराठी जबाब मोठ्याने वाचायचे आणि तुम्ही त्याचं इंग्रजी थेट टाइप करायचा. ओळ निसटू नये म्हणून तुम्ही मला ती लाकडी पट्टी दिली होती, एका टोकाला उंदराने कुरतडलेली. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरायची, ओळ संपली की खाली सरकवायची. मी तेव्हा चौदा वर्षांची. जबाबात होतं, त्या सकाळी तू विहिरीवर होतास काय, आणि त्याचं उत्तर, हं. मी वाचलं, हो. तुमची बोटं थांबली. कागद माझ्या हातातून घेतलात, बघितलात. इथे हो लिहिलंय का, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, हं म्हणजे होच ना. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नव्हता, तेच वाईट होतं. म्हणालात, "हं म्हणजे ऐकलं. हो म्हणजे हो. आपल्या पदरचं घालायचं नाही." मग तीन कार्बनांसकट कागद उपसून पान पहिल्यापासून टाइप केलंत आणि जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.

आणि घरात? घरात तुम्ही स्वतः सगळ्याला हंच म्हणायचा. आई तेल संपलं म्हणाली की हं, मी सहलीला जाऊ का विचारलं की हं. ऑस्ट्रेलियाला शिकायला जाऊ का, हेही मी टाइपरायटरच्या खडखडाटातच विचारलं होतं. तुम्ही हं म्हणालात. मी ते हो धरलं आणि सामान बांधलं. निघायच्या दिवशी तुम्ही ती पट्टी माझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली सरकवलीत. त्या हं-चा अर्थ काय होता, हे मी पुन्हा कधी विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटत होती.

तर ती दुपार. सव्वादोन वाजले आहेत. मॅजिस्ट्रेट बाई चांगल्या आहेत, वाक्य संपलं की थांबतात. तो काचेच्या कठड्याआड आणि मी काचेला लागून, त्याच्या कानाशी. आमच्या कामात एक नियम आहे जो तुमच्या कागदी कामात नव्हता. तो बोलेल ते "मी" म्हणूनच बोलायचं. तो असं म्हणतो, असं सांगायचं नाही. तो म्हणाला माझं चुकलं, की मीही इंग्रजीत म्हणायचं, माझं चुकलं. तेवढा वेळ मी तोच असते. बाई अटी सांगतात आणि मी त्या मराठीत त्याला देते. क्रेगीबर्नच्या घराकडे फिरकायचं नाही. वेरिबीला ओळखीच्या माणसाकडे राहायचं. सोमवारी आणि गुरुवारी पोलीस ठाण्यात सही. पासपोर्ट जमा. राहण्याचा पत्ता बदलायची वेळ आली तर आधी कळवायचं, नाहीतर पुन्हा आत. तो प्रत्येक अटीला मान हलवतो. मग काचेच्या फटीशी तोंड आणून मला विचारतो, "माझा जामीन कोण राहिलं?"

तुम्हाला यात काही विचित्र वाटणार नाही. आपल्याकडे जामीन म्हणजे माणूस. कोणीतरी कोर्टात येतं, सही करतं, सांगतं की मी याच्यासाठी उभा आहे, हा पळाला तर मला धरा. गावात सगळ्यांना ठाऊक असतं, कोण कोणाला जामीन राहिलं ते. इथे बहुतेकांना त्यांच्या स्वतःच्याच सहीवर सोडतात. त्याला बेल म्हणतात, आणि मी वर्षानुवर्षं त्याचं जामीन असं करत आले. शब्द बरोबर आहे, कोशात तोच आहे. त्यातला माणूस तेवढा इथे नसतो, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

नियमाप्रमाणे मी बाईंकडे वळून त्याचा प्रश्न इंग्रजीत सांगायला हवा होता. माझ्यासाठी कोण उभं राहिलं, एवढं एक वाक्य. बाईंनी कदाचित विचारलं असतं, तुमचं इथे कोणी आहे का. तसं विचारलं की मदतीची माणसं असतात कोर्टात, ती भेटतात. पण मी आपल्या पदरचं घातलं. मीच त्याला उत्तर दिलं, "इथे कोणी लागत नाही." बाईंनी विचारलं, दुभाषीबाई, आणखी काही? मी म्हटलं, काही नाही. मग कोर्टाच्या कचेरीच्या खिडकीवर त्याच्या जामिनाचा कागद मी त्याला मराठीत वाचून दाखवला, तुमची पट्टी ओळीखाली धरून. तो कागदापेक्षा पट्टीकडेच जास्त बघत होता. शेवटी मी त्याला ते छोटं कार्ड दिलं, जे आम्ही सगळ्यांना देतो. भाषेची अडचण आली तर या नंबरवर फोन करा, फोन लागला की भाषा सांगा. त्याने ते कागदाबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि म्हणाला, बरं झालं ताई. मला साडेतीनला क्लेटनच्या हॉस्पिटलात दुसरं काम होतं. मी निघाले.

तो गेल्याचं मला पुढे काही महिन्यांनी कळलं, तेही पत्राने. कॉरोनरला मदत करणाऱ्या एका तरुण वकील मुलीने मला ऑफिसात बोलावलं. म्हणाली, रेकॉर्डिंगमध्ये दहा सेकंद आम्हाला कळत नाहीत, तुम्ही ऐकाल का. हेडफोन दिले. अण्णा, मी माझा आवाज पुष्कळदा ऐकला आहे. पण त्या दिवशी माझा आवाज म्हणत होता, मी इथे एकटाच आलो. माझी आई गावी असते. मी पुन्हा त्या घरी जाणार नाही, मी सगळ्या अटी पाळीन. स्वच्छ, ठाम, थोड्या ऑस्ट्रेलियन वळणाच्या इंग्रजीत. माणूस जाऊन चार महिने झाले होते आणि त्याचं "मी" माझ्या तोंडून बोलतच होतं. मग त्याचा प्रश्न आला. मग माझं उत्तर. आणि त्यानंतर, मला आठवत नव्हतं असं काहीतरी. तो अगदी हलक्या आवाजात म्हणतो, "असं कसं? कोणीतरी राहावंच लागतं. तुम्ही राहता का, ताई?" आणि मग, हं.

मी तीनदा ऐकलं. ते हं माझ्या आवाजासारखं नव्हतं. खालच्या पट्टीतलं, घशातलं, दुसऱ्याच कामात असलेल्या माणसाचं. मला तो आवाज नीट ओळखू आला. त्याच्यामागे टाइपरायटर तेवढा वाजत नव्हता.

त्या आठवड्यात आणखी एक झालं. मी वेरिबीला दुकानाबाहेर गाडीत बसून फोनवरची कामं घेत होते, भर दुपारी. फोन वाजला, ऑपरेटर म्हणाली मराठी, जोडते आहे. लाइन जोडली गेली. मी नाव, काम सांगितलं. पलीकडे कोणी बोलेना. समुद्राजवळ उभं राहून फोन केला की येतो तसा वारा येत होता, मग तोही थांबला. मी ऑपरेटरला फोन लावून विचारलं, कोण होतं. ती म्हणाली, आज सकाळपासून मराठीचा एकही कॉल आलेला नाही. तांत्रिक काहीतरी असेल, तुम्ही हेच म्हणाला असता, आणि मीही स्वतःला तेच सांगितलं. पण त्यानंतर फोन घेताना मी आधी नाव सांगायचं सोडलं आहे. आधी ऐकते.

आता आजचं. पहिल्यांदा वेरिबीचा तो ओळखीचा माणूस येऊन बसला. मान खाली घालून म्हणाला, माझी फॅमिली येणार होती, मी त्याला शनिवारपर्यंत जागा सोडायला सांगितलं. म्हणजे पत्ता बदलणार होता आणि ते आधी कळवायचं होतं. मग गेलेल्याच्या फोनची यादी आली. जाण्याआधीच्या गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी त्याने एकाच नंबरवर फोन केले होते, मी दिलेल्या कार्डावरच्या. तिन्ही वेळा नोंद होती, भाषा थाई. त्यांनी शुक्रवारचा कॉल वाजवून दाखवला. ऑपरेटर मुलगा विचारतो, कोणती भाषा हवी. आणि तो म्हणतो, "ताई."

"थाई? नो वरीज, मेट."

कोर्टात कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. इंग्रजीत थाईचा उच्चार जवळजवळ ताई असाच होतो, अण्णा. भाषा सांगा म्हटलं होतं मी, आणि त्याने माणूस सांगितला.

तिन्ही कॉल ज्या थाई दुभाषीबाईंकडे गेले त्या आल्या होत्या. साठीच्या, नीट विंचरलेले पांढरे केस, मांडीवर पर्स धरून बसलेल्या. त्या म्हणाल्या, तो रागावला नव्हता. फार अदबीने बोलत होता. तेच तेच शब्द म्हणायचा, ताई, ताई, आणि आणखी एक, जामीन. मला ते कोणाचं नाव वाटलं. शनिवारी त्याने ते अगदी सावकाश म्हटलं, लहान मुलाला समजावतात तसं. मी म्हटलं, सॉरी, तुमची भाषा मला येत नाही. त्याने थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. एवढं सांगून त्या बाई रडल्या. टिश्यूचा डबा तेव्हा उपयोगी आला.

मग त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर तो कागद दाखवला, जामिनाचा. प्लास्टिकमुळे कोरडा राहिला होता. समासात बॉलपेनने, शाळेतल्या वळणदार अक्षरात दोन शब्द. जामीन, ताई. त्याचं इंग्रजी आधीच कोणाकडून तरी करून घेतलेलं होतं. हमीदार, थोरली बहीण. भाषांतर बिनचूक होतं. पोलिसांनी महिनोन्‌महिने मेलबर्नमध्ये त्याची थोरली बहीण शोधली होती. गावाकडून आई सांगत होती, त्याला बहीण नाही. आईही आज होती, दुसऱ्या पडद्यावर, पुतण्याच्या घरून. डोक्यावर पदर, चष्म्यात खिडकीचा उजेड. तिच्यासाठी एक नवा दुभाषी ठेवला होता, आमच्यातलाच एक तरुण मुलगा, हुशार आहे.

मग मला बोलावलं. शपथ घेतली. त्या वकील मुलीने दहा सेकंद वाजवले आणि मी शब्द न् शब्द इंग्रजीत दिला. मग तिने विचारलं, कागदावरची ही ताई कोण, हे तुम्हाला माहीत आहे का. मी म्हटलं, हं.

कॉरोनर म्हणाले, रेकॉर्डसाठी हो किंवा नाही असं सांगावं लागेल. अगदी तुमच्यासारखा, न चढवलेला आवाज. मी म्हटलं, हो. मीच. आमच्याकडे कोणत्याही बाईला ताई म्हणतात. मग त्यांना समजावून सांगितलं की हं म्हणजे हो नाही, हं म्हणजे ऐकते आहे, बोला. वकील मुलीने विचारलं, मग तुम्ही त्याचा तो प्रश्न ऐकला होता का. मी म्हटलं, नाही. कोर्टात पुढचं प्रकरण पुकारत होते, त्या गडबडीत नीट ऐकू आलं नाही, हं सवयीने निघालं. सगळ्यांनी लिहून घेतलं. मला कोणी दोष दिला नाही. कॉरोनर उलट म्हणाले, अशा वेळी दुभाषाचं काम किती अवघड असतं याची त्यांना कल्पना आहे.

शेवटी त्यांनी आईला विचारलं, काही सांगायचं आहे का. ती कोर्टाकडे नाही, माझ्याकडे बघत होती, निदान पडद्यावर तसं वाटत होतं. तिने हात जोडले. "ताई, तुम्ही हं म्हणालात ना? मग झालं. मला वाटत होतं, त्याचं तिथे कोणीच नव्हतं." त्या तरुण मुलाने लगेच इंग्रजी केलं. ताई, तुम्ही हो म्हणालात ना?

त्याने हो केलं, अण्णा. चौदाव्या वर्षी मी केलं होतं तसंच. दुसऱ्याच्या भाषांतरात चूक दिसली तर आम्ही हात वर करून सांगायचं असतं, ते आमचं कर्तव्यच आहे. माझा हात मांडीवरच राहिला. ती म्हातारी बाई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या मनात तिचा मुलगा कोणाच्या तरी भरवशावर गेला होता. टाइपिस्टने ते हो टाइप केलं. आता ते कायमचं तसंच राहील, कागदावर मी त्याला जामीन राहिले. तुम्ही असता तर पान उपसलं असतं का? मला खरंच माहीत नाही.

घरी आल्यावर लेक युनिव्हर्सिटीतून आली होती, तिने काहीतरी विचारलं, मी हं म्हणाले. ती दारात थांबून म्हणाली, "ममा, इज दॅट अ यस?" मी म्हटलं, पुन्हा सांग, मी ऐकलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. तिला शनिवारी गाडी हवी होती, एवढंच.

हे पत्र मी कुठे टाकणार. कागदावर ओळी सरळ याव्यात म्हणून तुमची पट्टी धरून लिहिलं, आता तिच्याबरोबरच कपाटात ठेवून देते. आणखी एक राहिलं. तो प्रश्न मला ऐकू आला नव्हता, असं मी शपथेवर सांगितलं. आला होता, अण्णा. सगळा ऐकू आला होता. मला साडेतीनला क्लेटनला पोचायचं होतं.